दुसरी सीडी तुमच्याकडे आहे

नागपूर,
रविवार, २४ मे २०२६

श्री. ऋषिकेशराव यांस,

सप्रेम नमस्कार.

कोइमतूरची हवा बरी असते असं ऐकून आहे, तेव्हा तुम्ही बरे असाल असं धरून चालतो. आमच्याकडे उद्यापासून नवतपा लागतो, उन्हाचे ते नऊ दिवस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मी ठीक आहे. शामलाचा गुडघा जसा होता तसाच आहे, आणि ती त्याच्याशी जशी बोलायची तशीच बोलते. काटोलच्या बागेत मृग बहारासाठी संत्र्याची झाडं पाणी तोडून ताणावर सोडली आहेत. पुतण्या रोहित आता सगळं पाहतो. मी गेलो की धावत जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणतो, यावरून बागेत माझी काय किंमत उरली ते ओळखा.

आपलं बोलणं बंद होऊन दोन वर्षं होत आली. फोन करता आला असता, पण फोनवर मी 'बाकी काय' याच्या पुढे जात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर मी जरा बरा माणूस आहे.

या पत्राला दोन कारणं आहेत. एक सीडींचं. ते आधी सांगतो. दुसरं मागाहून. क्रम मुद्दाम असा लावला आहे. दुसरं वाचून तुम्हाला पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं, तरी निदान सीडींचं वाचून झालेलं असेल. उगाच आडवळणानं बोलत नाही, मला भीती एवढीच आहे की ते दुसरं कळल्यावर तुमचं-माझं जे काय होतं ते संपेल. तुमचं आणि आमच्या श्वेताचं लग्न संपलं ते तुम्ही दोघांनी ठरवून संपवलं. आपलं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआपच बंद पडलं.

तर सीडी.

घरात रंगकाम काढलं आहे. मागची खोली रिकामी करताना दिवाणाखालून एक खोका निघाला. त्यावर श्वेताच्या अक्षरात 'बाबा' असं लिहिलेलं. मनीषनगरचा फ्लॅट सोडला तेव्हा तिनं आपल्या सिनेमा-संगीताच्या सगळ्या सीडी दोन खोक्यांत भरल्या होत्या, एक तुमचा, एक माझा. माझा तेव्हापासून उघडलाच नव्हता. वेळ मिळाला नाही असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ते एकट्यानं कसं ऐकायचं हे मला येत नाही.

पेंटर लोक जेवायला गेले तेव्हा उघडला. सगळ्यात वर आपलं 'जहाज'. (नावं आपणच ठेवलेली, तीच अजून चालवतो. खरी नावं मला आजही उच्चारता येत नाहीत.) डबी उघडली, तर पहिली सीडी जागेवर, दुसरीची जागा रिकामी. मला आधी तुमचाच राग आला. म्हटलं, कापलेल्या प्रसंगांचं संगीत दुसरीत आहे, ते यांनी बरोबर काढून नेलं. पुढची वस्तू काढली तर ते 'वाळवंट'. डबी नाही, पुस्तिका नाही, नुसत्या कागदी पाकिटात दुसरी सीडी. त्याखाली 'घोडेवाला', डबी आहे, आत फक्त पहिली. मग 'दीपगृह', पाकिटात फक्त दुसरी. असा पूर्ण खोका. दोन सीडींचा एकही संच धड नाही. सगळ्यांची फारकत झालेली.

मी जमिनीवर बसून हसलो. श्वेतानं काय केलं ते लक्षात आलं. दोन-दोन दिसल्या, दोन्हींवर एकच चित्र, तिला वाटलं डबल आहेत. एक बाबाला, एक ऋषिकेशला, भांडण नको. ताटं-वाट्या वाटतात तसं वाटून टाकलं. तुमचा खोका तुम्ही उघडला असेल तर तुमच्याकडेही हीच गत असणार. आणि उघडून, पाहून, गप्प बसला असाल तर मग माझा थोडा राग आहे हे सांगून ठेवतो.

आता माझी अवस्था अशी आहे, की 'जहाज' मी रोज दुपारी लावतो. बंदर सुटतं, खलाशी दोर ओढतात, वादळाची चाहूल लागते आणि सीडी संपते. आठवडा झाला, जहाज भर समुद्रात आहे. किनारा तुमच्याकडे कोइमतूरला आहे. रोहितला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "काका, नेटवर असते सगळं." शोधलं त्यानं. सिनेमाबरोबर निघाली होती ती जुनी, आखूड रेकॉर्ड तेवढी सापडली. आपली आवृत्ती मोजक्याच प्रती काढून संपली होती, ती कुठे मिळत नाही.

ऐकताना आवाज नको म्हणून कूलर मी अजूनही बंद करतो. शामलाला तुम्ही गेल्यावर वाटलं होतं की आता ही ब्याद टळली. परवा मी कूलरचं बटण बंद केलं तशी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "लागलं का पुन्हा? दोघं मिळून उकडत होते तवा ठीक त होतं, आता एकटेच उकडा." पण तिनंच ओला टॉवेल आणून दिला. तो मानेवर टाकून तुकडा न तुकडा ऐकला.

तुम्हाला पहिला दिवाळसण आठवतो का? आपण बैठकीत समोरासमोर बसलो होतो. तुम्ही बुटीबोरीच्या गिरणीतले इंजिनियर, मी संत्र्याच्या कलमांचा माणूस. सुताचा भाव झाला, संत्र्याचा भाव झाला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहणं झालं. जवाईबुवांना काय हवं म्हणून शामलानं माझं महिनाभर डोकं खाल्लं होतं. तुम्ही अंगठी नको म्हणालात, घड्याळ नको म्हणालात, आणि फारच धरल्यावर एका सीडीचं नाव सांगितलंत. ती परदेशातून यायची होती. दिवाळीची वस्तू होळीला आली. तुम्हाला बोलावलं, लावली, आणि दोन्ही सीडी संपेपर्यंत मी मांडी घालून वाट पाहिली. शेवटी तुम्हाला म्हणालो, "जवाईबुवा, यात गाणी टाकायचीच राहिली वाटते. परत पाठवू."

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला त्या दिवशी आवडलात.

मग तुम्ही समजावलंत. सिनेमा आला तेव्हा जी रेकॉर्ड निघाली तिच्यात जेमतेम पाऊण तास होता, तोही विकायला सोपा व्हावा म्हणून उलटासुलटा जोडलेला. वाजवलं होतं त्याच्या दुप्पट. त्या फिती कुठल्यातरी गोदामात वर्षानुवर्षं पडून होत्या. कुणीतरी त्या हुडकल्या, साफ केल्या, आणि जसं वाजवलं होतं तसं, सिनेमाच्या क्रमानं, सगळं काढलं. सिनेमातून जे कापलं तेसुद्धा. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा वाजवून पाहिलेलं तेसुद्धा. मी म्हणालो, म्हणजे फेरफारासकट पूर्ण सातबारा. तुम्ही म्हणालात, अगदी तसंच.

लोकांना हे वेड कळत नाही, आणि मी समजवायला जात नाही. पण तुम्हाला माहीत आहे मला त्यातलं काय आवडतं. मोठाले, छाती काढून चालणारे तुकडे मला नाही आवडत. मला ते अर्ध्या मिनिटाचे आवडतात. कुणी दार उघडतं, खोलीत कुणी नसतं, बस एवढंच. जुन्या रेकॉर्डवर असलं कधी नसायचं, कारण त्याला कोण गिऱ्हाईक? पण वाजवणारा त्या अर्ध्या मिनिटासाठीही तेवढाच जीव लावून वाजवतो. 'घोडेवाल्या'त एका ठिकाणी बासरीवाला श्वास घेतो तो ऐकू येतो. तो तुम्ही मला दाखवलात. मी इतकी वर्षं कलमं बांधली, पण कान कसे लावायचे ते जावयाकडून शिकलो. हे मी तुम्हाला तेव्हा कधी सांगितलं नाही, कारण सासऱ्यानं जावयाला असं सांगायची आमच्यात पद्धत नाही.

मागच्या आठवड्यात घरी एक गृहस्थ आले होते. सावनेरच्या कॉलेजात भूगोल शिकवतात. माणूस मोकळा आहे, बोलायला बरा. भूगोलाचे म्हणून मी त्यांच्यासाठी 'वाळवंट' लावलं, म्हणजे माझ्याकडे आहे तो अर्धा भाग. कूलर बंद केला. त्यांनी आधी विचारलं की हे वाळवंट कुठलं. मी म्हटलं, ऐका, कळेल. दुसऱ्याच तुकड्यात ते झोपले. शर्ट घामानं ओला, मान एका बाजूला, तरी गाढ झोपलेले. जागे झाल्यावर म्हणाले, "काका, फार शांत वाटलं." आता याला काय म्हणायचं?

ते काहून आले होते, ते उद्या लिहितो. पेंटर हाका मारून राहिले आहेत.


सोमवार, २५ मे

नवतपा लागला. सकाळी नवालाच गच्चीवर पाय टेकवत नव्हता.

रात्री विचार केला की आधी धोंड्याचं लिहू, मग बाकीचं. तुम्ही म्हणाल, मनोहरराव वेळ काढून राहिले. काढतोच आहे.

अधिक महिना लागला आहे. मागचा अधिक श्रावणात होता, तुम्ही दोघं धोंड्याच्या जेवणाला आला होतात. जावयाला वाण जाळीदार वस्तूचं द्यायचं म्हणून शामलानं अनारसे केले होते, तेहतीस. मी तिच्या नकळत ताटात अनारशांवर 'वाळवंट' ठेवलं. ती म्हणाली, "हे काय ठेवलं तुम्ही वाणात?" मी म्हटलं, "याच्या मधात भोक आहे ना." ती म्हणाली, "एकच त आहे." मी म्हटलं, "म्हणूनच दोन सीडींचा संच आणला." तुम्ही ताट हातात घेतलंत आणि अनारशाला हात लावायच्या आधी पुस्तिका उघडून वाचायला लागलात. हे ती अजून काढते. श्वेता त्या दिवशी तुमच्याकडे पाहून हसली होती, पण फार नाही. ते मी पाहिलं होतं. मी पाहिलं, आणि दुसरी सीडी लावली.

तुमच्यात काय झालं ते मी कधी विचारलं नाही. श्वेता सांगते की तुम्हाला कोइमतूरची नोकरी लागली, तिला इथली फिजिओथेरपीची प्रॅक्टिस सोडायची नव्हती, वर्षभर दोघं दोन गावी राहिलात, आणि वर्षाच्या शेवटी दोघांनाही कळलं की कुणालाच दुसऱ्यावाचून अडत नव्हतं. ती हे रडून नाही, नीट बसून सांगते. तुमची बाजू वेगळी असेल. ती विचारायचा हक्क मला नाही.

तर या वर्षी अधिक लागला तसे शामलानं तांदूळ भिजत घातले. मी विचारलं, "कोणासाठी?" तिनं शेजारच्या सिंधूताईंना विचारलं, त्यांना असल्या गोष्टींतलं सगळं कळतं. सिंधूताई म्हणाल्या, जवाई नसला तर भाच्याला द्या, नाहीतर देवळात द्या. शामलानं तेहतीस मोजून देवळात दिले. बाकीचे डब्यात भरले आणि डबा माझ्यापुढे आपटून म्हणाली, "हे तिकडे पाठवा. मोजले नाही मी. म्हणजे हे वाण नाही, त्याले तसं साफ लिहा. खायचे म्हणून पाठवले म्हणा."

तसं साफ लिहिलं आहे. डबा पत्रासोबत आहे. वाण नाही, खायचे आहेत.

आता ते दुसरं कारण.

श्वेताचं लग्न ठरलं आहे. सावनेरचे जे गृहस्थ मी लिहिले ते हेच. नाव दुर्गेश. पहिली बायको आजारपणात गेली. खुशी नावाची एक मुलगी आहे, यंदा पहिलीत जाईल. दुर्गेशच्या आईचा हात दुखायचा म्हणून ते त्यांना श्वेताकडे व्यायामाला घेऊन यायचे, तिथली ओळख. साक्षगंध झालं. अधिक संपला की निज ज्येष्ठात लग्न, घरच्या घरी, पन्नासेक माणसांत. मागच्या खोलीचा रंग खुशीनं निवडला आहे, पोपटी. ती इथे मुक्कामाला येईल तेव्हा ती खोली तिची. पेंटर दोनदा विचारून गेला, "नक्की हाच ना काका?"

श्वेतानंच मला सांगितलं, "बाबा, त्याले बाहेरून कळू नये. कोणाच्या स्टेटसवरून त बिलकुल नाही. तुम्ही कळवा."

मी म्हणालो, "मीच काहून? तू फोन कर, दोन मिनिटांचं काम आहे."

"मी केला त त्याले काही बोलता येणार नाही. तो 'अभिनंदन' म्हणीन अन् फोन ठेवून देईन. तुम्ही लिहा. तुमचा दोस्त आहे तो."

माझी लेक घटस्फोटानंतर जवळजवळ दोन वर्षांनी मला हे ऐकवते. मी तुम्हाला जावई म्हटलं, ऋषिकेशराव म्हटलं, रागात एकदा 'तो' म्हटलं. दोस्त मी कधी म्हटलं नव्हतं. तिनं म्हटलं तेव्हा मला एकदम बरं वाटलं, आणि त्याच क्षणी हे पत्र लिहायची भीतीही वाटली. जावई गेला तर माणूस समाजात सांगू शकतो, असं असं झालं म्हणून. दोस्त गेला तर कुणाला सांगणार?

ऋषिकेशराव, मला आनंद झाला आहे. तुम्हाला हे लिहिणं बरं दिसतं का, मला ठाऊक नाही, पण नाही लिहिलं तर पत्र खोटं होईल. दुर्गेश संगीत ऐकता ऐकता झोपतात, पण श्वेता बोलत असली की जागे असतात. आमच्याकडे आले तेव्हा शामलाच्या गुडघ्याची चौकशी त्यांनी केली आणि उत्तर संपेपर्यंत थांबले. ते उत्तर किती लांब असतं हे तुम्ही जाणता. घरात पुन्हा आवाज आहे. मी खूश आहे, आणि खूश असताना तुमची आठवण येते हा माझा घोळ आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असावं हे मला कुणी शिकवलं नाही.

आता सांगून झालं. पेन खाली ठेवतो.


गुरुवार, २८ मे

पत्र सोमवारी पाकिटात घातलं होतं. डबाही बांधून तयार होता. पोस्टात जाणार तेवढ्यात श्वेता आली, खुशीच्या खोलीला पडदे बघायला. खोका अजून बैठकीत उघडा पडला होता. मी म्हटलं, चला, हिची थोडी गंमत करू.

मी म्हणालो, "पाहा वं, काय कारभार केला तू. डबल समजून वाटून टाकल्या. तिकडे त्याच्याकडे अर्ध्या, इकडे माझ्याकडे अर्ध्या."

तिनं 'जहाजा'ची डबी उचलली, उघडली, बंद केली. म्हणाली, "डबल कशाच्या बाबा? मले काय माहीत नव्हतं का?"

"काय माहीत होतं?"

"पहिलीत सिनेमा अर्धा होते. दुसरीत उरलेला, मंग कापलेलं, मंग पुन्हा वाजवलेलं, मंग जुनी रेकॉर्ड. मी पाच वर्षं त्याच्यासंग जेवली आहे. जेवताना दुसरं काय चालू राहायचं आमच्या घरात? तुमच्यापेक्षा जास्त ऐकलं मी. मले तं कोणत्या जागी खोकल्याचा आवाज येते तेही पाठ आहे."

मला त्या खोकल्याचा पत्ता नव्हता. तुम्हाला आहे का? 'दीपगृहा'त म्हणाली.

मी विचारलं, "मंग काहून केलं असं?"

ती पडद्याचं कापड हातात घेऊन बसली होती. त्याची घडी घालत बोलली. "राग होता. दोघांवरही. रविवार आला की तुम्ही दोघं कूलर बंद करून बसायचे, मी अन् आई बाहेर. तवा ठरवलं, कोणालेच पुरं द्यायचं नाही. पण मंग भरता भरता वाटलं, सगळ्या त्याले देल्या असत्या त तुम्ही विसरले असते, तुम्हाले देल्या असत्या त तो विसरला असता. असं केलं की कधी ना कधी एकजण दुसऱ्याले विचारीनच. मले राग होता बाबा. पण तेवढा नव्हता."

शामला दारात उभी होती. ती म्हणाली, "दोन वर्षं लागले यायले विचारायले. अन् विचारलं त तेही पत्रातून."

मी 'जहाजा'ची डबी परत खोक्यात ठेवली. श्वेता उठून खोलीत गेली आणि तिथून ओरडून म्हणाली की पोपटी रंगाला पांढरेच पडदे शोभतील. मग बाहेर येऊन पाकीट माझ्या हातून काढून घेतलं. उघडलं नाही. नुसतं वजन केल्यासारखं धरलं आणि म्हणाली, "एवढं जाड? बातमी त एका ओळीची होती."

मग जाता जाता म्हणाली, "सीडी पोस्टानं नका पाठवू. फुटतीन. लग्न झालं की स्वतः जा तिकडे."

मी म्हटलं, "दुर्गेशले काय वाटीन?"

"त्याले मी सांगितलं आहे. तो म्हणाला, जाऊ दे ना, तेवढ्या दुपारी मले कूलरमध्ये झोपता येईन."

तर असं आहे. पाकीट फोडून हे पान आत घालतो आहे. सोमवारपर्यंत लिहिलेलं बदललं नाही. श्वेताला डबल वाटल्या असतील असं मी वर लिहून गेलो, तेही तसंच ठेवलं. बाप म्हणून मला किती कळतं ते तुम्हाला दिसू द्या.

आता विचारतो ते सरळ विचारतो. आषाढात, इथलं सगळं आटोपल्यावर, मी माझ्याकडच्या अर्ध्या घेऊन कोइमतूरला येऊ का? गाडी इथून थेट आहे. चार दिवस राहीन. तुमच्या घरी आता आणखी कुणी असेल तर मला कुठेतरी खोली बघून द्या, मी वाईट वाटून घेणार नाही, उलट मला आनंद होईल आणि तोही मी असाच लिहून कळवीन. दुपारी बसू. तुमच्याकडे कूलर लागत नाही म्हणे, तेव्हा बंद करायचाही प्रश्न नाही. आधी 'जहाज' लावू. माझी पहिली, मग तुमची दुसरी. एकदा ते किनाऱ्याला लागलं की मग बाकीचं.

आणि नको असेल तर नको म्हणा. या बातमीनंतर माझं तोंड पाहावंसं वाटत नसेल, तर तो तुमचा हक्क आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. तसं असेल तर माझ्याकडच्या सगळ्या मी नीट कापसात गुंडाळून तुमच्याकडे पाठवीन. कुणातरी एकाकडे त्या पूर्ण असाव्यात. मी माझं भागवीन. माझं ऐकून झालं आहे असं नाही, पण तुमचे कान माझ्याहून तरुण आहेत, तुमच्याकडे त्या जास्त वर्षं वाजतील.

उत्तर कागदावर लिहा. एका ओळीचं चालेल.

पत्र पुन्हा वाचून पाहिलं. श्वेताचे वडील म्हणून जे कळवायचं होतं ते मधल्या एका पानात मावलं. बाकीची सगळी पानं माझी आहेत.

तुमचा दोस्त,
मनोहर